टिर्पिट्झ आणि तीन कप्प्यांची टाकी

हमीदभाई,

आज शुक्रवार, सुट्टी. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा कामाची डांगरी धुतली. एकदा खाली जाऊन पाण्याचा जार उचलून आणला, खोलीत भरलेला जार असताना. एकदा नुसताच जिन्यात उभा राहिलो. खोलीतला केरळचा साथीदार विचारतो, काय झालंय तुला? त्याच्या-माझ्यातल्या मोडक्या हिंदीत तुम्ही मावत नाही, म्हणून म्हटलं, काही नाही, पोट बिघडलंय.

शबनमचा फोन मंगळवारी आला. मी इथं आखातातल्या गोदीत एका मालवाहू जहाजाच्या तळात होतो, वर आलो तेव्हा तिचे चार मिस्ड कॉल. "काका, अब्बा गेले. काल संध्याकाळी, असरच्या नमाजानंतर. मिट्टी पण झाली." मी विचारलं, त्रास झाला का. म्हणाली, नाही, खुर्चीत बसलेले होते, चहा मागितला, मी आणायला गेले तेवढ्यात. मग म्हणाली, कारखान्याच्या कामगारांची स्मरणिका निघतेय, तुम्ही त्यांच्यावर लिहा, दुसरं कोण लिहिणार. मी हो म्हटलं. सातवीतून शाळा सोडलेला माणूस, हो म्हणताना काही वाटलं नाही. पण फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "काका, एक सांगा. ती टाकी अब्बांनी खरंच तशी केलती का?"

मी म्हटलं, नंतर बोलू, माझी शिफ्ट आहे.

शिफ्ट संपलेली होती, हमीदभाई.

तर त्या टाकीचं मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि लोकांना दिसेल असं बोलायचं आहे. पण टाकीच्या आधी जहाज येतं. तुमच्याबाबतीत कशाच्याही आधी जहाजच यायचं.

त्या वर्षी माजलगावच्या धरणात गाळ दिसत होता. ऊस करपला, गव्हाणीत एक मोळी पडली नाही, कारखान्याचं धुराडं वर्षभर थंड. गाळप नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून वर्कशॉपमध्ये आपण दहा-बारा जण एकमेकांची तोंडं बघत बसायचो. तुम्ही आमचे मेस्त्री, मी पंचविशीतला कंत्राटी वेल्डर, बायको-पोर गावी लिंबागणेशला ठेवून आलेला. तेव्हा तुम्ही ते पुस्तक आणलं. बीडच्या रद्दीवाल्याकडून घेतलेलं, जाडजूड, इंग्रजी, मध्ये घडी घातलेले नकाशे. जर्मनांच्या एका लढाऊ जहाजाचं पुस्तक. टिर्पिट्झ. तुम्हाला इंग्रजी अडखळत यायचं, म्हणून शबनम, तेव्हा ती दहावीत होती, रोज संध्याकाळी डिक्शनरी घेऊन तुम्हाला एक-दोन पानं वाचून द्यायची. दुसऱ्या दिवशी ती पानं तुम्ही आम्हाला सांगायचे.

किती लांब होतं हे आम्हाला कळेना, तर तुम्ही उठून पावलं टाकायला लागले. कारखान्याच्या गेटपासून ऊसगाड्यांच्या अड्ड्यातून पार वजनकाट्याच्या पलीकडं. "अडीचशे मीटर. इथं नाक, तिथं शेपूट. हा पहिला बुरूज, हा दुसरा. मागं अजून दोन. एकेकात दोन तोफा." वॉचमन म्हणाला, "मेस्त्री, काय मोजणी आली का जमिनीची?" तुम्ही म्हणालात, "हौ. जर्मनीनं घेतली रे जागा. तू आता तोफखान्यात उभा हाय, जरा सरक." आणि तो खरंच सरकला.

बाजूचं पोलाद दीड वीत जाड. तुम्ही हातानं दाखवलं तेव्हा मी म्हटलं, एवढं जाड वेल्ड कसं करायचं? तुमचे डोळे असे चमकले जणू मी पहिल्यांदाच माणसासारखं बोललो होतो. सांगितलं की सांगाडा जवळजवळ सगळा वेल्डिंगचा होता, त्या काळात जगभर रिव्हेट ठोकत होते. आणि पोटात आडव्या भिंती, बावीस कप्पे, एकात पाणी शिरलं तर दुसऱ्यात थेंब जाऊ नये. हे कप्प्यांचं मला लई आवडलं. जेवतानाही माझ्या डोक्यात कप्पेच असायचे.

मी एकदा तुम्हाला टोचलं होतं. "हिटलरचं जहाज हमीदभाई. तुम्हाला कावून एवढं कौतुक?" तुम्ही चिपिंग हातोडी खाली ठेवली. "कौतुक वेल्डिंगचा टाका मारणाऱ्याचं. मालक हैवान होता, पण टाका सरळ होता. चांगला टाका वाईट मालकाच्या कामाला आला, हेच तर रडणं हाय बे." मग थोड्या वेळानं, "तू कुणासाठी टाका मारतो ते बघत जा."

आणि आपलं भांडण. ते जहाज बांधलं आणि नॉर्वेच्या खाडीत नेऊन डोंगराच्या कुशीत लपवलं. वर जाळ्या, भोवती धूर. तेल पुरत नव्हतं म्हणून बाहेर काढायचंच नाही. मी म्हणायचो, एवढं लोखंड, एवढी माणसं आणि बसून राहिलं, आपल्या कारखान्यावानी. तुम्ही म्हणायचे, बसून राहिलं म्हणून समोरच्याला चैन नव्हतं, त्याची चांगली चांगली जहाजं नुसती याच्यावर नजर ठेवायला अडकून पडली. एकदा नुसती बातमी गेली की ही निघाली, तर इंग्रजांनी मालाच्या जहाजांचा तांडाच पांगवला. हिनं एक गोळा टाकला नाही, मधूनच परतली. पांगलेली जहाजं पाणबुड्यांनी आणि विमानांनी टिपली. "मग खलाशी मेले ते कुणाच्या नावावर?" मी विचारलं. दोन दिवसांनी येऊन म्हणालात, "तिच्याच नावावर. पण ती कामाची नव्हती असं नको म्हणू." मी तरी म्हणालोच.

त्याच दिवसांत संचालक मंडळानं ठरवलं की कारखान्यानं सभासदांच्या गावांना पाणी पोचवायचं, आणि टँकर बाहेरून घेण्यापेक्षा वर्कशॉपनं टाक्या बनवायच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसतील अशा. वर्कशॉपमध्ये जीव आला. तुम्ही फरशीवर खडूनं पहिली टाकी काढली. लांबट पिंप, मध्ये दोन आडवे पत्रे, वर झाकणं तीन, म्हणजे प्रत्येक भागात माणूस उतरून घासू शकेल. मागं एक तोटी. रस्त्यावर पाणी हिंदकळून ट्रॉली उलटू नये म्हणून ते आडवे पत्रे. आणि त्या पत्र्यांना भोकं. खाली दोन, वर एक, म्हणजे पाणी फिरेल आणि तोटीपर्यंत येईल. हे तुम्ही मला समजावून सांगितलं होतं. पत्र्यावर खडूनं गोल काढून दिले होते. मग भाभींना दवाखान्यात दाखवायला तुम्ही बीडला गेलात आणि जाताना म्हणालात, "अंकुश, भोकं पाडून मग टाके मार. संध्याकाळपर्यंत येतो."

आता लिहितो. हे लिहायला बसलो होतो आणि उठत होतो ते यासाठीच.

मी ते गोल फडक्यानं पुसले.

मला वाटलं, मेस्त्री स्वतःच सांगतात कप्पे बंद पाहिजेत आणि स्वतःच भोकं पाडायला लावतात. टाकी दगडानं फुटली तर सगळं पाणी जाईल. कप्पे बंद ठेवले तर एकच जाईल, दोन राहतील. दुष्काळात दोन भाग पाणी वाचवणारा मी. तुम्ही आल्यावर शाबासकी द्याल असं वाटलं होतं. दोन्ही पत्रे मी चारी बाजूंनी बंद केले, दोन्हीकडून टाका मारला. आयुष्यात तोवर मारलेला सगळ्यात सरळ टाका तो. तोटी एकाच कप्प्याला आहे हे डोक्यात आलंच नाही. म्हणजे दिसत होतं, पण आलं नाही.

तुम्हाला परतायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. तोवर मी टाकी तिन्ही झाकणांतून भरून गळती तपासली होती, एक थेंब नाही. तोटी उघडून दाखवली, पाणी धो धो आलं, लगेच बंद केली. पूर्ण रिकामी करून कुणी बघितली नाही. भरलेली टाकी नुसती तपासायची म्हणून सोडून द्यायची, त्या उन्हाळ्यात हे पाप कोण करणार होतं? तुम्ही बाहेरून टाक्यावर बोट फिरवलं, "वा रे पठ्ठ्या" म्हणालात, आणि तेच पाणी घेऊन ट्रॅक्टर निघाला.

माझ्या तोंडावर आलं होतं, सांगावं, आत मी गंमत केली आहे. म्हटलं, नंतर सांगू.

तीन वस्त्यांना पाणी द्यायचं होतं. पहिल्या वस्तीवर व्यवस्थित मिळालं. दुसरीवर तोटी उघडली तर गुळणीभर पाणी आलं आणि थांबलं. ड्रायव्हरनं वर चढून झाकण उघडलं तर पाणी काठोकाठ. त्याचा फोन आला आणि तुमच्या लुनावर आपण दोघं गेलो. वस्तीवरच्या बाया हंडे मांडून बसल्या होत्या. त्यात कौसाबाई होती, चाळिशीची, आवाज असा की ट्रॅक्टर बंद वाटावा. "आमच्या संचालकावानी हाय गं ही टाकी," ती म्हणाली. "प्वाट भरल्यालं दिसतंय, पण खाली काय उतरत न्हाई." सगळ्या बाया हसल्या. तुम्हीसुद्धा हसलात. मी हसलो नाही, कारण मला त्याच क्षणी कळलं होतं.

तुम्हाला कधी कळलं? हे मला कधीच समजलं नाही. तुम्ही वर चढून पहिल्या झाकणात हात घातला, मग दुसऱ्यात, मग खाली माझ्याकडं बघितलं. तेवढंच.

मग बादलीला दोर बांधून पाणी शेंदायचं ठरलं. तुम्ही म्हणालात, आम्ही काढतो, तुम्ही खाली थांबा. कौसाबाई म्हणाली, "तुमी दिवसभर काढताल. सरका." आणि पदर खोचून वर चढली. चाळीस-पन्नास बादल्या तिनं काढल्या असतील. पत्रा ओला झाला होता. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, मी खाली उभा होतो, आणि ती घसरून माझ्या समोर उजव्या खांद्यावर आपटली. ओरडली नाही. हंड्यातलं पाणी सांडलं का तेवढं विचारलं.

चौथ्या दिवशी चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये तुम्हाला बोलावलं. मी दाराबाहेर होतो, दार उघडंच होतं. चीफ इंजिनिअरनं विचारलं, पत्र्यांना भोकं का नाहीत? तुम्ही म्हणालात, "साहेब, डोक्यात जहाज भरलं होतं. माझी चूक." त्यांनी विचारलं, काम कुणी केलं? "मेस्त्री मी हाय ना साहेब. हात बी माझाच समजा."

दार चार पावलांवर होतं, हमीदभाई. मी मोजलेली नाहीत, पण चारच असतील. माझ्या मनात आलं, कंत्राटी माणूस, आत्ता काढून टाकतील, पोरगं दीड वर्षाचं. हे कारण खरं आहे. पण पहिली भीती ती नव्हती. पहिली भीती ही होती की तुम्ही माझ्या टाक्याला वा म्हणाला होता.

तुम्हाला वर्कशॉपमधून काढून स्टोअरला बसवलं. त्याआधी एक दिवस ती टाकी दुरुस्त करायला दिला. मी गॅस कटर घेऊन आत उतरलो, तुम्ही बाहेरून पत्र्यावर हातोडी वाजवून जागा दाखवत होता. मधेच आवाज थांबला. झाकणातून तुमचं डोकं दिसलं. तुम्ही म्हणालात, "खडूच तो. घामानं पुसला गेला असल."

मी म्हटलं, "हौ."

तुम्ही मला त्यातून सुटायला दार उघडून दिलं होतं की बोलायला? आठ वर्षं मी या एका गोष्टीवर कूस बदलतो. बोलायला दिलं असेल तर मी ते लावून घेतलं.

पुढच्या वर्षी तुमच्या ओळखीच्या माणसाला तुम्ही चिठ्ठी लिहिली, मुंबईत माझी वेल्डिंगची परीक्षा झाली आणि मी इथं आलो. लिंबागणेशला घर बांधलं, पोरगं इंग्रजी शाळेत जातं. चिठ्ठीत तुम्ही लिहिलं होतं, याचा टाका मी बघितलेला आहे. कोणता टाका ते लिहिलं नव्हतं.

आणि तिकडं माजलगावच्या बाजारात म्हण झाली. देतो म्हणून न देणारा माणूस, भरलेलं खातं आणि न निघणारा चेक, सगळ्याला 'हमीदची टाकी'. मला सुट्टीत कळलं तेव्हा मी चहा अर्धा सोडून उठलो. तुम्ही मात्र स्वतःच म्हणायचे, फोनवर, "आपण मेलो तरी टाकी राहणार बघ."

शबनमनं ते पुस्तक वाचून द्यायचं बंद केलं. शाळेत पोरी चिडवायच्या, जर्मनची पोरगी. पुढचं तुम्ही एकटे डिक्शनरी घेऊन वाचत राहिलात, एका पानाला आठवडा लावून. मला फोन यायचे. आज छोट्या पाणबुड्यांनी तिच्या पोटाखाली सुरुंग ठेवले. आज विमानं आली. मग एकदा कामावर असताना फोन, "अंकुश, उलटी झाली रे ती." मोठे बॉम्ब पडले आणि जहाज खाडीत पालथं झालं, हजाराच्या आसपास माणसं आत. काही जण उलट्या जहाजात वर चढत चढत तळाशी आले, म्हणजे आता छत झालेल्या तळाशी, आणि आतून पत्रा ठोकत राहिले. बाहेरच्यांनी आवाजावर कान ठेवून कटरनं तळ कापला. ऐंशीच्या वर माणसं जिवंत काढली. तुम्ही म्हणालात, "कटरवाला कोण असल त्याचं नाव पुस्तकात न्हाई. तुझ्यासारखाच कुणीतरी."

मी त्यावरही भांडलो. मी म्हटलं, बंद कप्प्यांनीच हजार माणसं कोंडून मारली. तुम्ही म्हणालात, बंद कप्प्यांत हवा राहिली म्हणूनच ऐंशी वाचली. मी म्हटलं, मी रोज जहाजांच्या पोटात असतो, प्रत्येक भिंतीला दार असतं, झडप असते, कुणीतरी ती उघडायची असते. तुम्ही म्हणालात, "हौ. उघडायची असती." आणि मी विषय बदलला, भाभींची तब्येत विचारली.

एवढं लिहून झाल्यावर मी दुपारी शबनमला फोन लावला. म्हटलं, छापायच्या आधी तुला वाचून दाखवतो. ती ऐकत होती. मी खडूच्या त्या 'हौ' पर्यंत आलो तेव्हा तिनं थांबवलं.

"काका, मी त्यांना वाचून देणं बंद केलं होतं. ते रोज पुस्तक टेबलावर ठेवायचे, मी उचलायची नाही. तुम्हाला माहीत होतं हे?"

माहीत होतं, मी म्हटलं.

"आठ वर्षं?"

माझी माफी मागायची तयारी होती, कागदावर लिहून ठेवली होती, ती वाचली असती तर तिनं फोन ठेवला असता, आणि बरोबर केलं असतं. शेवटी तीच म्हणाली, छापा. नावासकट छापा. तुमचं नाव मी शिकवते त्या शाळेत मुलांना वाचून दाखवणार आहे. मी म्हटलं, दाखव. मला खरंच हलकं वाटलं, हमीदभाई, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "पण अब्बांचं नाव साफ झालं म्हणजे झालं असं समजू नका. कौसामावशीला कोण सांगणार?"

मला वाटलं होतं तिचा खांदा तेव्हाच बरा झाला. शबनम म्हणाली, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, डोक्यावर हंडा घेता येत नाही, वेणी सून घालते. आणि तुम्ही दर ईदला लुनावर डबा बांधून तिच्याकडं शीरखुर्मा घेऊन जायचे. ती आधी पोटभर शिव्या द्यायची, तुझी टाकी जळो, तुझं जहाज बुडो, आणि मग चहा टाकायची. तुम्ही ओट्यावर बसून सगळं ऐकायचे. या ईदलाही गेला होता. हे तुम्ही मला एकदाही सांगितलं नाही. जहाजाचं पान न् पान सांगितलं आणि हे नाही.

फोन ठेवल्यावर मी परत जिन्यात जाऊन उभा राहिलो. मग ऑफिसला जाऊन, ते शुक्रवारीही उघडं असतं, सुट्टीचा अर्ज टाकला. सुपरवायझरनं विचारलं, कोण गेलं? बाप? मी म्हटलं, मेस्त्री. त्यानं दहा दिवस लिहिले.

मुंबईहून गाडी बीडला सकाळी पोचते. शबनमनं न्यायला यायचं म्हटलं, मी नको म्हटलं. कब्रस्तानात मी दुसऱ्या दिवशी येईन, हमीदभाई. राग मानू नका. पहिल्या दिवशी मला वस्तीवर जायचं आहे. ती शिव्या देईल, आणि या वेळी त्या ज्याच्या आहेत त्याला मिळतील. चहा देईल की नाही, ते तिच्यावर.